सरखेल कान्होजी आंग्रे व चाचेपणाचा आरोप

पेण, रोहे, नागोठणे या बाजूच्या आमच्या वाचकांस कान्होजी आंग्रे कोण होता हे सांगावयास नको. रोह्याच्या माणसाने कुंडलिकेच्या काठी उभे राहून उत्तरेकडे मान वर केली की अवचितगड दिसतो. शाहू महाराजांच्या वतीने झालेल्या तहात जे दहा किल्ले कान्होजीकडे कायम राहिले त्यांत या गडाची गणना आहे. पेणेचे मीठ व भात घेऊन गलबते धरमतरच्या खाडीने मुंबईकडे जात, त्या पाण्यावर हुकूम कोणाचा, या एका प्रश्नावरून कान्होजीच्या हयातीत तीस वर्षे लढाया झाल्या. असे असता आमच्याच मुलांनी एखादे इंग्रजी पुस्तक उघडले की हा पुरुष त्यांस मॉर्गन, किड, टीच अशा कॅरिबियन समुद्रातल्या नामांकित लुटारूंच्या पंक्तीस बसलेला आढळतो. २००७ साली निघालेल्या एका अमेरिकन चित्रपटात तर कॅरिबियन चाच्यांच्या गोष्टीत हिंदी महासागराचा चाचा म्हणून जे पात्र आणले आहे, त्यास कान्होजीच्या पुत्राचे, संभाजी आंग्र्याचे, नाव चिकटविलेले आहे. करमणुकीच्या खेळावर आम्ही रागावत नाही. पण त्या खेळाच्या मागे दोनशे वर्षांची पुस्तके आहेत आणि त्या पुस्तकांच्या मागे मुंबईच्या इंग्रज वखारीचे दप्तर आहे, हे विसरून चालावयाचे नाही.

आम्ही धंद्याने वकील आहो. कोणावर आरोप झाला म्हणजे आरोपाचे शब्द कोणते, फिर्यादी कोण, आणि त्या फिर्यादीने स्वतः त्याच कृत्यांस इतरत्र काय नाव दिले, हे पाहण्याची आम्हास सवय. तीच रीत येथे लावून कान्होजीचे चरित्र सांगावे असे योजिले आहे.

प्रथम ज्या समुद्रावरून ही उपमा आली तो समुद्र पाहू. उत्तर व दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या पाण्यात जमैका, क्यूबा, हिस्पॅनिओला, बार्बाडोस, त्रिनिदाद अशी लहानमोठी बेटे पसरलेली आहेत. खाड्या, मासळी, नारळी, वाऱ्याच्या ऋतूवर बेतलेला दिनक्रम; आमच्या कोकणातला मनुष्य तेथे उतरला तर पहिले चार दिवस त्यास फारसे परके वाटणार नाही. पण तेथील मूळचे लोक स्पॅनिश अंमलाच्या जुलमाने व बाहेरून आलेल्या देवीसारख्या साथींनी बहुतेक बेटांवर नामशेष झाले. मागाहून इंग्रज, फ्रेंच व डच तेथे आले, आणि उसाच्या मळ्यांत राबावयास आफ्रिकेतून लक्षावधी स्त्रीपुरुष जहाजांच्या तळाशी कोंबून आणले गेले. इंग्रजांनी १६५५ साली स्पेनपासून जमैका घेतले व त्याच्या रक्षणासाठी जे दर्यावर्दी लुटारू तेथील पोर्ट रॉयल बंदरात जमले होते, त्यांसच स्पॅनिश वसाहतींवर सोडले. त्यांचा म्होरक्या हेन्री मॉर्गन. याने १६७१ साली, इंग्लंड-स्पेन यांच्यात तह होऊन गेला असताही, पनामा शहर लुटून जाळले. स्पेनचा गिल्ला शमविण्यासाठी त्यास पकडून लंडनास नेले खरे. परंतु १६७४ साली इंग्लंडच्या राजाने त्यास सर ही पदवी दिली व जमैकाचा नायब गव्हर्नर करून परत पाठविले. म्हणजे इंग्रजी राज्याच्या उपयोगी असेपर्यंत जो वीर, तोच निरुपयोगी झाला की चाचा, असा हा हिशेब होता.

त्या समुद्राचा आमच्या समुद्राशी संबंध केवळ उपमेचा नाही. १६९५ साली हेन्री एव्हरी नामक इंग्रजाने मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेस परतणारे औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले, त्यावरील बायकांची विटंबना केली, आणि लूट घेऊन तो थेट बहामा बेटांतल्या नासाऊ बंदरी गेला; तेथील इंग्रज गव्हर्नराने लाच घेऊन त्यास आसरा दिला. या पापाच्या बेड्या पडल्या त्या सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पायांत. पुढे विल्यम किड यास राजाची सनद देऊन चाच्यांचे पारिपत्य करण्यास पाठविले. तो १६९७ साली कारवारास आला आणि १६९८ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्याजवळ त्याने क्वेदा मर्चंट हे मालाने भरलेले जहाज धरले. त्या जहाजावर फ्रेंचांचा परवाना होता, म्हणून आपली धरपकड कायदेशीर, हा त्याचा बचाव. खटल्याच्या वेळी तो परवाना न्यायासनापुढे आलाच नाही, आणि १७०१ साली लंडनास त्यास फाशी दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी तोच कागद लंडनच्या सरकारी दप्तरात सापडला. जहाजाचे अवशेष २००७ साली हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्यालगत एका लहान बेटापाशी पाण्यात मिळाले. किड निर्दोष होता असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या न्यायासनाने पुराव्याचा कागद हरवून माणूस लटकावला, त्याच राष्ट्राच्या नोकरांनी पुढे कान्होजीस काय म्हणावे हे ठरविले, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता आरोपीकडे वळू. आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. मावळातल्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडले. कान्होजीचा बाप तुकोजी हा शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होता. कान्होजीचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. बालपण व तारुण्य सुवर्णदुर्गाच्या आसपास गेले, म्हणजे शाळा म्हणाल तर ती हर्णैचा समुद्र, आणि पंतोजी म्हणाल तर कोळी व भंडारी तांडेल. संभाजी महाराजांच्या वधानंतर मराठ्यांचे राज्य जेव्हा जिंजीपर्यंत मागे रेटले गेले, रायगड पडला आणि किनाऱ्यावरचे किल्ले मोगल व सिद्दी यांच्या तोंडी आले, तेव्हा सुवर्णदुर्गाचा किल्लेदार गड शत्रूस देण्याच्या बेतात असता कान्होजीने त्यास बाजूस सारून गड राखला अशी परंपरा आहे. १६९८ साली सिधोजी गुजर वारला व आरमाराची सरखेली कान्होजीकडे आली. ताराबाईच्या कारकिर्दीतही ती त्याजकडेच राहिली. त्याने आपले ठाणे कुलाब्यास नेले. मुंबईच्या इंग्रजांस हे फारच जवळ झाले.

येथे मुख्य वादाचा मुद्दा येतो, तो दस्तकाचा. कान्होजीचे म्हणणे असे की या किनाऱ्याचे पाणी छत्रपतींच्या राज्याचे आहे, येथून माल नेणाऱ्याने आमचे दस्तक घ्यावे व त्याची फी भरावी. न घेईल त्याचे जहाज आम्ही धरू. हे ऐकून मुंबईच्या कौन्सिलाने समुद्रावरची दरोडेखोरी म्हणून ओरड केली. पण दस्तकाची ही कल्पना कान्होजीची नव्हेच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा परवाना प्रत्येक हिंदी जहाजास घ्यावयास लावला होता आणि ज्याजवळ तो नसे त्याचे जहाज ते बुडवीत. त्यांस मात्र कोणी चाचे म्हटले नाही. इंग्रज स्वतः परवाने देत. समुद्र सर्वांस मोकळा आहे असे डच पंडित ग्रोशियस याने १६०९ साली प्रतिपादिले, त्यास उत्तर म्हणून १६३५ साली इंग्लंडच्याच सेल्डन या कायदेपंडिताने ग्रंथ लिहून समुद्रावरही राजाची मालकी चालते असे ठरविले, व इंग्लंडच्या राजाने त्या आधारे आपल्या भोवतालच्या समुद्रात परक्या जहाजांकडून मान घेतला. टेम्स नदीच्या तोंडाशी जो कायदा, तो कुंडलिकेच्या तोंडाशी का नसावा?

भांडणाचे खरे मूळ याहून बारीक होते. इंग्रज आपल्या मालापुरते परवाने देऊन थांबत नसत. हिंदी व्यापाऱ्यांचा माल आपल्या निशाणाखाली घालून त्यास दस्तकाच्या फीतून सोडवीत आणि त्याबद्दल आपला लाभ करून घेत. कंपनीचे नोकर स्वतःचा खासगी व्यापारही त्याच निशाणाखाली करीत. कंपनीचा माल आम्ही सोडू, पण निशाणाआड लपलेला माल सोडणार नाही, हा कान्होजीचा पक्ष. आमच्या मते कोणत्याही निष्पक्ष न्यायाधीशापुढे हा पक्ष निदान ऐकून घेण्याजोगा ठरला असता.

हा पक्ष अंमलात आणण्याचे साधनही त्याने स्थानिक परिस्थितीतूनच उभे केले. त्याच्या गुराबा दोन वा तीन डोलकाठ्यांच्या, तळाशी उथळ, पुढे लांब सोंड काढलेल्या. सोंडेवरून तोफा समोर मारा करीत. गलबते त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. इंग्रजांचे उंच व जड जहाज वारा पडला की जागच्या जागी उभे राही. तेव्हा वल्ह्यांच्या गलबतांनी गुराबा ओढून त्याच्या पिछाडीस न्यावयाच्या, दोर व शिडे तोफांनी तोडावयाची, आणि मग माणसांनी भरलेली गलबते चोहोकडून भिडवावयाची, ही पद्धत. संकट आलेच तर कोणत्याही खाडीत शिरावे, जेथे मोठ्या जहाजाचा तळ चिखलात रुते. आमच्या भागातल्या ज्या खाड्यांतून आम्ही केवळ चिंबोऱ्या व मीठ काढतो, त्या त्या काळी राज्याच्या तटबंदीचा भाग होत्या.

१७१२ च्या अखेरीस घडलेला प्रसंग इंग्रजी पुस्तकांतून मोठ्या रंगाने सांगितलेला असतो. मुंबईचा गव्हर्नर एजलबी याची नौका कारवाराकडून येणाऱ्या जहाजाबरोबर असता कान्होजीच्या आरमाराने गाठली. कारवारचा नेमलेला वखारप्रमुख चाऊन लढाईत मेला व त्याची अल्पवयी पत्नी कैद झाली. तिला कुलाब्यास ठेवले व १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये दंड घेऊन सोडून दिले. खंड घेणे हे आजच्या दृष्टीस बरे दिसत नाही, व आम्हीही त्याची तरफदारी करीत नाही. परंतु गंज-इ-सवाईवरच्या बायकांची गत आठवावी, आणि ही स्त्री सुखरूप मुंबईस पोहोचली हेही आठवावे. त्याच १७१३ साली इंग्लंडने स्पेनशी तह करून अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखास दरसाल ४८०० आफ्रिकन गुलाम पुरविण्याचा मक्ता मिळविला. माल चोरणाऱ्यास फाशी, आणि माणसे चोरणाऱ्यास राजाची सनद, असा त्या काळचा दर्याचा कायदा होता. आमच्या कोकणातही कुणबिणी व दास विकले जात, चौलच्या बंदरात हबशी उतरत, हे लपवून आम्ही हात धुवू इच्छीत नाही. पण जो आरोप करावयास उठतो त्याने आपले अंगण पाहावे, इतके म्हणण्याचा हक्क आम्हास आहे.

याच सुमारास एजलबीने कान्होजीशी तह केला. वकिली दृष्टीने हा कागद निर्णायक आहे. चाचा म्हणजे कोणत्याही राजसत्तेची आज्ञा नसता स्वतःसाठी समुद्रावर लुटणारा, सर्व मनुष्यजातीचा शत्रू. त्याच्याशी तह होत नसतो, त्यास पकडून फाशी द्यावयाचे असते. ज्याच्याशी अटी ठरवून करार केला तो सत्ताधीश आहे हे मुंबईच्या कौन्सिलाने स्वतः कबूल केले. पुढे भांडण पुनः पेटले म्हणून ती कबुली मागे घेता येत नाही.

घरातला वादही त्याच सुमारास मिटला. शाहू व ताराबाई यांच्या तंट्यात कान्होजी ताराबाईच्या बाजूस होता. शाहूने पेशवा बहिरोपंत पिंगळे यास त्याजवर पाठविले. कान्होजीने पेशव्यासच कैद केले व लोहगड घेतला. तेव्हा पेशवाईची वस्त्रे बाळाजी विश्वनाथास मिळाली. हा मूळचा श्रीवर्धनचा, सिद्दीच्या जाचाने देश सोडलेला, म्हणजे कान्होजीचे व त्याचे दुःख एकाच शत्रूपासूनचे. दोघांची लोणावळ्याच्या बाजूस भेट होऊन समेट झाला: कान्होजीने शाहूस धनी मानावे, पिंगळ्यास सोडावे, आणि सरखेली, खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, अवचितगड आदी दहा किल्ले व सोळा लहान ठाणी आपणाकडे ठेवावी. तलवारीने सुटला नसता असा गुंता दोन शहाण्या माणसांनी बोलून सोडविला. मराठ्यांच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी.

१७१५ च्या अखेरीस बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याने शहराभोवती तट उभारला, लढाऊ जहाजे बांधिली व कान्होजीस बुडविण्याचा चंग बांधला. १७१७ साली विजयदुर्गावरचा हल्ला फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर आरमार गेले. गंमत पाहा, त्याच वर्षी वुड्स रॉजर्स हा नासाऊस गव्हर्नर होऊन तेथील चाच्यांस माफी व फाशी यांतले एक निवडावयास सांगत होता, आणि त्याच नोव्हेंबरात एडवर्ड टीच ऊर्फ काळदाढी हा अमेरिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला. नासाऊचे चाचे दोनचार वर्षांत संपले. खांदेरी पडली नाही. तेथील लोक कोणत्याही भूमीचे नव्हते, त्यांच्या मागे राजा नव्हता, शेत नव्हते, सारा देणारी रयत नव्हती. येथे बेटाच्या मागे थळ, थळामागे कुलाबा आणि कुलाब्यामागे सह्याद्री उभा होता. खांदेरीच्या तटाची सुरुवात शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या डोळ्यांदेखत केली होती व सिद्दीने शेजारचे उंदेरी घेऊन त्यास शह दिला होता. बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे; शेंदूर फासलेल्या त्या दगडास नारळ वाहिल्यावाचून मचवा पुढे न्यावयाचा नाही अशी त्यांची श्रद्धा. असल्या श्रद्धांचे आम्ही मोठे भोक्ते नाही, तथापि ज्या माणसांनी त्या खडकावर तोफांखाली तग धरला ती माणसे हीच.

खांदेरीच्या पराभवाचे खापर फोडावयास मुंबईस कोणीतरी हवा होता. तो सापडला रामा कामाती. हा मुंबईतला मातबर शेणवी व्यापारी, कंपनीच्या हिंदी शिपायांचा नायक, वाळकेश्वरचे देऊळ ज्याने पुनः बांधिले तो. त्याने मोहिमेची बातमी कान्होजीस आगाऊ दिली असा आरोप १७२० साली त्याजवर ठेवण्यात आला. पुरावा काय, तर कान्होजीच्या मुद्रेचे म्हणून एक पत्र, आणि रामाच्या कारकुनाची जबानी. ती जबानीही त्याचे अंगठे लोखंडात पिळून घेतलेली. फिर्यादी गव्हर्नर व कौन्सिल, न्याय देणारेही तेच. मिळकत जप्त झाली व रामा जन्माचा कैदी झाला. कैदेतच त्याचा अंत झाला. ते पत्र बनावट होते हे मागाहून उघड झाले, पण तोवर त्याचे घर धुळीस मिळाले होते. कान्होजीच्या अंमलात न्याय कसा होता याबद्दल ज्यांस शंका असेल त्यांनी त्याच्या समोरच्या बेटावरचा हा न्याय एकदा वाचावा.

१७२० साली वॉल्टर ब्राउन तरंगता तोफखाना घेऊन विजयदुर्गावर गेला व हात हलवीत परत आला. १७२१ साली इंग्लंडच्या राजाने कमोडोर मॅथ्यूज यास राजाच्या आरमाराची जहाजे देऊन मादागास्करचे चाचे व आंग्रे या दोघांवर धाडले. इंग्रज व पोर्तुगीज मिळून सुमारे सहा हजार फौज डिसेंबरात कुलाब्यापुढे उतरली. शाहूकडून कुमक घेऊन बाजीराव पेशवा आला. इंग्रजांची चढाई मागे फिरली, खुद्द मॅथ्यूजच्या मांडीस भाला लागला, आणि त्या रागात त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली काठी खुपसली. पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत वरसोलीस बाजीरावाशी निराळा तह करून अंग काढून घेतले. चाचे निर्मूलनास आलेल्या या मॅथ्यूजवर खासगी व्यापार केल्याबद्दल पुढे मायदेशी चौकशी बसली, हेही सांगून टाकतो. १७२४ साली डचांची सात जहाजे विजयदुर्गावर आली व तशीच परतली.

त्याच साली कान्होजी व गव्हर्नर फिप्स यांच्यात पत्रव्यवहार झाला. फिप्सने लुटारूपणाचा ठपका ठेवला. कान्होजीच्या उत्तराचा आशय असा की परद्रव्याच्या लोभातून इंग्रज व्यापारीही मुक्त नाहीत, जगाची चाल अशीच आहे, आणि शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून जे राज्य उभे केले त्याच पायावर आमची सत्ता उभी आहे. ज्यास लिहिता येत नसे तो दरोडेखोर, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे उत्तर पाहावे. ते राज्यकर्त्याचे उत्तर आहे.

आता जे प्रतिकूल आहे तेही सांगितले पाहिजे. कान्होजीच्या चाकरीत डच, पोर्तुगीज असे अनेक देशांचे गोलंदाज होते, आणि त्याच्या आश्रयास खरेखुरे चाचेही आले. या लढायांत इंग्रजांकडून स्वतः हजर असलेला डाउनिंग याने १७३७ साली लंडनात छापलेल्या पुस्तकात जेम्स प्लांटेन याची हकीकत दिली आहे. हा जन्माने जमैकाचा. मादागास्करच्या किनाऱ्यावर त्याने काही काळ राजा म्हणवून घेतले व तेथून पळून तो आंग्र्यांकडे आला. म्हणजे कॅरिबियनचा चाचा कुलाब्याच्या छत्राखाली वावरला. शिवाय ज्या जहाजांवर धाड पडली त्यांतली कितीतरी सुरतेच्या, मलबारच्या हिंदी व्यापाऱ्यांची. १७१७ साली धरलेले सक्सेस हे जहाजही कंपनीच्या हिंदी दलालाचेच. दोन सत्तांच्या परवान्यांत तो व्यापारी भरडला गेला. राजसत्तेस कर घेण्याचा हक्क आहे, तसे त्या कराच्या मोबदल्यात व्यापाऱ्यास अभय देण्याचे कर्तव्यही आहे, आणि ते कर्तव्य कान्होजीने नेहमी पाळले असे आमच्याने म्हणवत नाही. पण हे दोष कठोर राज्यकर्त्याचे आहेत. चाच्याचे नव्हेत.

४ जुलै १७२९ रोजी अलिबागेस कान्होजी वारला. तेथे त्याची समाधी आहे. तोपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, डच या तिघांपैकी एकासही त्याचा एक मोठा जलदुर्ग घेता आला नव्हता.

मग हे आरमार गेले कोठे? या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी पुस्तकांत शोधण्याचे कारण नाही; ते आमच्याच घरात आहे. वडील पुत्र सेखोजी १७३३ साली जंजिऱ्याच्या मोहिमेत असता वारला, आणि संभाजी व मानाजी यांचा तंटा जुंपला. १७३५ साली बाजीरावाने दोघांत वाटणी केली: कुलाबा मानाजीस, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजीस. वाटणीने घरात शांतता झाली असेल. समुद्रावर एक मूठ होती तिची दोन बोटे झाली. संभाजीमागे तुळाजी आला, त्याचे पेशव्याशी वाकडे पडले, आणि नानासाहेब पेशव्याने त्यास मोडण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. १७५५ साली कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर तोफगोळा पडून आग लागली व पन्नास वर्षांचे आरमार एका दिवसात जळाले. खजिना इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला, किल्लाही लगेच दिला नाही, व त्याच्या मोबदल्यात बाणकोट पदरात पाडून घेतले. ज्या पेशव्याच्या आज्याने बोलून कान्होजीस आपलासा केला, त्याच्या नातवाने परक्याच्या हातून कान्होजीचे आरमार जाळविले. नानासाहेबाच्या कर्तबगारीचे अनेक गोडवे आमच्या लोकांनी गाइले आहेत. या एका कृत्याचा हिशेब त्यांत कोठे मांडलेला आम्हास आढळत नाही.

आणि दोष एकट्या पेशव्यावर टाकूनही सुटका नाही. ज्यांनी गुराबा बांधिल्या, वल्ही मारली, वाऱ्याची नस ओळखली ते कोळी, भंडारी, खारवी, दालदी. त्यांस समाजात स्थान काय होते? त्यांचे ज्ञान बापाकडून लेकाकडे तोंडी गेले. त्याचा ग्रंथ झाला नाही, त्याची शाळा निघाली नाही, कारण ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी समुद्रगमन कलियुगात निषिद्ध म्हणून ठरवून टाकले होते. धोतराचा काठ खाऱ्या पाण्याने भिजला तर प्रायश्चित्त सांगणारे आम्ही, आणि नकाशा, होकायंत्र, जहाजबांधणीची गणिते छापून काढणारे ते. यांत अखेरीस कोण जिंकणार हे विजयदुर्गाच्या आगीपूर्वीच ठरले होते. आज पेणेच्या गणेशमूर्ती पेटाऱ्यांत बसून समुद्रापार जातात व कोणी त्यांस प्रायश्चित्त सांगत नाही, ही प्रगती खरी. पण मचव्यावरच्या तांडेलाचा मुलगा नौकानयनाच्या विद्यालयात किती जातो, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून पाहावे. कान्होजीचा पुतळा उभारण्यापेक्षा हे मोजणे अधिक कष्टाचे आहे.

कुलाब्याचे संस्थान मानाजीच्या वंशात पुढे चालले. औरस वारस न उरल्यावर विधवांनी दत्तकाची मागणी केली. ती नाकारून कंपनीने १८४० साली संस्थान खालसा केले. कान्होजीस चाचा ठरविणाऱ्यांनी त्याच्या वंशजांची दौलत एका कागदाने घेतली, एक गोळीही न उडवता. खांदेरीवर इंग्रजांनी १८६७ साली दीपगृह उभे केले. त्यास आता कान्होजीचे नाव आहे, तसेच १९५१ पासून मुंबईच्या नौदल ठाण्यासही आंग्र्यांचे नाव आहे. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हे तिन्ही आहेत. अवचितगड त्या यादीत नाही. रोह्याहून सकाळी निघाले तर तो पाहून संध्याकाळच्या आत घरी परतता येते.